आंबोलीच्या पावसात पाच दिवसांचा मुक्काम: सॅक कशी भरायची

जुलैत आंबोलीला येणारी बहुतेक मंडळी पावसाची तयारी करून येतात आणि ओलाव्यापुढे हात टेकतात. रेनकोट असतो, छत्री असते, सॅकवर कव्हर असतं. तरी तिसऱ्या दिवशी एकही कोरडा मोजा उरलेला नसतो, अंथरूण दमट लागतं, लेन्सच्या आत धुकं धरतं आणि पायाच्या बोटांत चिखल्या सुरू होतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर, घाटमाथ्याच्या अगदी कड्याशी बसलेल्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ढग दारातून घरात येतात. अशा हवेत एकदा भिजलेला कपडा मुक्कामभर वाळत नाही. हे आधीच धरून चाललं की सामानाची यादी आपोआप बदलते.

हा लेख चार रात्री आणि पाच दिवसांच्या निवासी शिबिरासाठी आहे. शिबिर निसर्गनिरीक्षणाचं असो, ध्यान-योगाचं असो, नाहीतर नुसतं शांत राहण्याचं. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यातल्या आगुंबेला जाणाऱ्यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडेल. तिथलं जंगल अधिक दाट आणि जळवा अधिक, एवढाच फरक.

सगळ्या सामानाचा पाया: ओला जोड आणि कोरडा जोड

दोन जोड आणायचे आणि ते एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. ओला जोड म्हणजे जंगलात घालायचे कपडे. ते पहिल्या दिवशी भिजतील आणि शेवटच्या दिवसापर्यंत भिजलेलेच राहतील. सकाळी तेच ओले कपडे पुन्हा अंगावर चढवायचे. पहिली दोन मिनिटं नको वाटतं, चालायला लागलं की अंगाच्या उष्णतेने ते कोमट होतात. कोरडा जोड फक्त खोलीत आणि झोपताना. तो घालून पाऊस नसला तरी अंगणापलीकडे जायचं नाही.

लोक चुकतात ते इथेच. दुसऱ्या दिवशी ओला शर्ट घालवत नाही म्हणून कोरडा काढतात, मग तोही भिजतो. चौथ्या रात्री झोपायला काही उरत नाही. जास्त कपडे आणणं हा यावरचा उपाय नव्हे. आठ शर्ट आणले तर आठही भिजतात आणि परतीच्या सॅकचं वजन दीडपट होतं.

पाच दिवसांसाठी कपड्यांचा हिशेब असा:

ओला जोड: पूर्ण बाह्यांचे पातळ पॉलिएस्टरचे शर्ट २, नायलॉनच्या पातळ पँट २, मोजे ३ जोड्या, टोपी १.
कोरडा जोड: सुती टी-शर्ट १, सैल पायजमा १, जाड मोजे १ जोडी, पातळ फ्लीस किंवा स्वेटर १.
आतले कपडे: ६. यात मात्र काटकसर नको.
पंचे: २.

जीन्स घरी ठेवा. भिजलेली जीन्स मांडीला घासते, जड होते आणि पाच दिवसांत वाळत नाही. जाड टर्किश टॉवेलचंही तसंच, दुसऱ्या दिवसापासून त्याला कुबट वास येतो. पंचा पिळला की त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं, आणि चुलीच्या किंवा गॅसच्या जवळ टांगायला मिळाला तर तासा-दोन तासांत वापरण्याजोगा होतो. या हवेसाठी पंच्याइतकं चांगलं अंगपुसणं बाजारात दुसरं नाही. पँट पिळल्यावर पंच्यात घट्ट गुंडाळून त्यावर उभं राहिलं की उरलेलं पाणी पंचा शोषून घेतो. मग पंचा पिळायचा आणि पुन्हा गुंडाळायचा.

रंग फिकट घ्यावेत: खाकी, राखाडी, फिकट हिरवा. फिकट कापडावर चढणारी जळू लगेच दिसते, शिवाय गडद रंगांकडे डास अधिक येतात. स्वेटर पाहून हसू नका. आंबोलीत पावसाळी रात्री पारा वीस अंशांच्या आसपास उतरतो आणि भिजल्या अंगाला वारा लागला की हुडहुडी भरते.

रेनकोट, पॉन्चो की छत्री

महागडं, ‘श्वास घेणारं’ जॅकेट या जंगलात फारसं कामाचं नाही. अंगातली वाफ त्या कापडातून बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. बाहेर हवाच वाफेने भरलेली असेल तर घाम आतच राहतो आणि माणूस आतून भिजतो. त्यापेक्षा सॅकसकट अंग झाकणारा सैल पॉन्चो बरा. खालून हवा खेळती राहते आणि तो बसायला अंथरताही येतो. कोकणातल्या शेतकऱ्याचं इरलं आणि प्लॅस्टिकची खोळ याच तत्त्वावर चालतात: वरून झाकलेलं, खालून मोकळं. पॉन्चोची अडचण दोनच ठिकाणी होते, कड्यावरच्या वाऱ्यात आणि काटेरी जाळीत. वाऱ्यासाठी कमरेला एक नाडी बांधा. छत्री मात्र हवीच, साधी, घडीची. खोलीपासून जेवणघरापर्यंत जाताना कोरडा जोड तीच वाचवते.

बूट: महिनाभर आधी बाहेर काढा

कपाटात तीन-चार वर्षं पडून असलेले ट्रेकिंगचे बूट वरून नवे दिसतात. पण त्यांच्या तळव्यातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू कुजलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात सोल अख्खा सुटून हातात येतो. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी बूट भिजवा, त्यात दोन-तीन वेळा तासभर चाला आणि सोलच्या कडा अंगठ्याने दाबून पाहा. भुगा पडला किंवा फट दिसली तर नवे घ्या. डिंकावर विसंबू नका.

गमबूट की जाळीचे बूट, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मुक्कामाच्या आसपास, चिखलात, रात्री बेडूक पाहायला जाताना पोटरीपर्यंतचा गमबूट उत्तम: पाय कोरडा राहतो, जळू आत शिरायला वेळ लागतो आणि घोट्याला सापाच्या दातांपासून थोडंफार संरक्षण मिळतं. पण शेवाळलेल्या जांभ्यावर आणि ओढ्यातल्या गोट्यांवर गुळगुळीत तळाचा गमबूट घसरतो, आणि वरून पाणी शिरलं तर आतच साठतं. लांब चालीला जाळीचे, खोल खाचांच्या तळाचे बूट घ्या. त्यांत पाणी शिरतं तसं निघूनही जातं. ‘वॉटरप्रूफ’ अस्तराचे बूट टाळा, आत गेलेलं पाणी त्यांतून बाहेर येत नाही. खोलीत वापरायला रबरी चप्पल.

बुटांबाबत आणखी एक काम आहे आणि ते स्वतःपेक्षा बेडकांसाठी करायचं आहे. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी जगभर पसरली आहे आणि पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती आढळली आहे. दुसऱ्या जंगलातला, दुसऱ्या तळ्याकाठचा चिखल बुटाला चिकटून आंबोलीत येऊ नये. निघण्यापूर्वी तळवा ब्रशने खरवडून धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. आंबोलीच्या नावाने ओळखली जाणारी भेक आणि झुडपी बेडूक या जाती फार छोट्या टापूत राहतात. त्यांना दुसरीकडे जायला जागा नाही.

जळवांसाठी मोजे

जळू कमी लेखू नये आणि तिचा बाऊही करू नये. जमिनीवरची ही जळू हादरे, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांवरून माणूस ओळखते आणि पालापाचोळ्यातून बुटावर चढते. साध्या विणलेल्या मोज्याच्या छिद्रांतून ती आरामात आत जाते, म्हणून वेगळे मोजे लागतात. ते घरीच शिवून घ्या: घट्ट विणीचं मांजरपाट, एका जोडीला साधारण एक मीटर. गुडघ्याखालपर्यंत उंच, पाऊल सैल, शिवण बाहेरच्या बाजूला आणि वर नाडी. शिवण्याआधी कापड एकदा धुवा, नाहीतर आटून पाऊल शिरणार नाही. घालायचा क्रम असा: आधी नेहमीचा मोजा, मग पँट, तिच्यावरून हा मोजा ओढून नाडी बांधायची आणि शेवटी बूट. पँटच्या आत मोजा घातला तर सगळी मेहनत फुकट, कारण जळू खालून वरच चढते. शर्ट पँटमध्ये खोचा.

बुटांना मीठ, चुना, तंबाखूचं पाणी लावतात. थोडा वेळ उपयोग होतो, पण मोठ्या सरीत सगळं धुऊन जातं. जातं ते ओढ्यात. निकोटिन आणि मीठ दोन्ही पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. त्यापेक्षा दर वीस मिनिटांनी थांबून एकमेकांचे पाय पाहणं जास्त खात्रीचं.

चावलीच, तर ओढून तोडू नका. जळूला दोन्ही टोकांना चूषक असतात. निमुळतं टोक तोंडाचं. कातडीला नख सपाट टेकवून त्या निमुळत्या टोकाखाली सरकवा, पकड सुटते. लगेच जाड टोकाखालीही तसंच करा आणि टिचकीने उडवा. बोटाला चिकटली तर दोन बोटांत गोळीसारखी वळा, मग सुटते. चिकटलेल्या जळूवर मीठ, लायटर, सॅनिटायझर वापरलं की ती पोटातलं जखमेत ओकू शकते आणि जखम चिघळते. नंतर साबण-पाण्याने धुऊन कापसाने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, त्यामुळे दोन-चार तास थोडं थोडं रक्त येत राहिलं तर घाबरायचं कारण नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. खाज आठवडाभर टिकते. कॅलामाइन जवळ ठेवा आणि खाजवू नका.

त्वचा

जंगलात आजारी पडण्यापेक्षा कातडी खराब होऊन शिबिर अर्धवट सोडण्याचे प्रसंग अधिक. सकाळी निघताना तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाचा आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. परतल्यावर पाय साबणाने धुऊन, बेचक्या एकेक करून पंच्याच्या टोकाने कोरड्या करून क्लोट्रिमॅझोलची पावडर टाका. रात्रभर पाय उघडे किंवा कोरड्या मोज्यात. रोज आठ तास पाय पूर्ण कोरडे राहिले तर चिखल्या सहसा होत नाहीत. जांघेत लाल चट्टा उठला तर साधं क्लोट्रिमॅझोलचं मलम लावा. दुकानदार ‘लवकर बरं होईल’ म्हणून देतो ते स्टेरॉइड मिसळलेलं मलम घेऊ नका. दोन दिवस आराम पडतो, मग नायटा पसरतो आणि हटता हटत नाही.

डासांसाठी २० टक्के पिकारिडिन किंवा २० ते ३० टक्के डीट. डीट प्लॅस्टिक आणि काही कृत्रिम धागे विरघळवतं, म्हणून घड्याळाचा पट्टा, चष्म्याची काडी, दुर्बिणीचं रबर यांना हात लावण्याआधी तळवे पुसा. आणि असं काही लावलेल्या हाताने बेडूक उचलू नका. खरं तर कोणत्याच हाताने उचलू नका, बेडूक कातडीतून पाणी आणि हवा घेतो.

औषधांची पिशवी

पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, ओआरएसची पाकिटं ६, कापूस, चिकटपट्ट्या १५, क्रेप बँडेज २, जंतुनाशक, कॅलामाइन आणि स्वतःची नेहमीची औषधं दोन दिवसांची जास्त. गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. खणांच्या डबीत काढून ठेवल्या तर कॅप्सूल चिकटतात आणि गोळ्या भुसभुशीत होतात. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. ताप डेंग्यूचा निघाला तर त्याने रक्तस्राव वाढतो.

सापांबद्दल स्पष्ट लिहायला हवं. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनतं. आंबोलीच्या जंगलात पावसाळ्यात सर्वात जास्त दिसतो तो मलबारी चापडा, आणि त्याच्या विषावर ते भरवशाचं नाही. त्याचा दंश सहसा जीवघेणा नसला तरी सूज आणि वेदना भयंकर असतात. तो छातीच्या उंचीच्या फांदीवर तासन् तास न हलता बसतो. म्हणून सामानात टॉर्च आणि काठी, आणि आधाराला फांदी धरण्यापूर्वी तिथे उजेड टाकून पाहायची सवय. दंश झालाच तर अंगठी-घड्याळ काढा, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, आवळपट्टी बांधू नका, कापू नका, १०८ ला फोन करा आणि सावंतवाडीकडे निघा. क्रेप बँडेज फळी बांधायला आहेत, आवळायला नाहीत.

कॅमेरा, मोबाईल, वही

स्वयंपाकघरातला रबरी कडेचा हवाबंद डबा, सुमारे पाच लिटरचा, आणि त्यात सिलिका जेल २०० ग्रॅम, कापडी पिशवीत. लहान पुड्यांनी काही होत नाही. नारिंगी मणी घ्या, ओलावा शोषून हिरवे झाले की भरले. निघण्याच्या आदल्या दिवशी ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवून, गरम असतानाच बंद डब्यात घाला. तांदळाचा उपयोग नाही. त्याची शोषण्याची ताकद फार कमी असते आणि पिठूळ धूळ खाचांत बसते. कॅमेरा आधी कोरड्या पंच्याने पुसा, मगच डब्यात. ओला ठेवला तर सिलिका एका रात्रीत संपते. एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा-पाऊण तास राहू द्या, थंड काचेवर लगेच दव धरतं.

लाईट वरचेवर जाते. २०,००० एमएएचची एक पॉवर बँक पाच दिवसांना पुरते. गोव्यातल्या मोपा विमानतळावर विमानाने येणाऱ्यांनी ती हातातल्या सामानातच ठेवावी, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. टॉर्च डोक्याला बांधायची, तांबड्या दिव्याची सोय असलेली: तांबड्या उजेडाला किडे कमी येतात. जादा सेल घ्या. लिहायला जेल पेन नको, शाई पसरते. शिसपेन्सिल ओल्या कागदावरही उठते. ध्यानाची बैठक कापसाची आणली तर दुसऱ्या दिवशी जड होते. बंद पेशींच्या फोमची पातळ चटई घ्या.

खाऊ सादळतो. चिवडा, फरसाण आणू नका. चिक्की, खजूर, भाजलेले शेंगदाणे छोट्या हवाबंद डब्यात आणि डबा खोलीत उघडा ठेवायचा नाही, मुंग्या आणि उंदीर वास काढत येतात.

आता सॅक भरा

सावंतवाडी स्टेशनहून सुमारे तीस किलोमीटर घाट चढायचा आहे. सामान जीपच्या टपावर जाण्याची शक्यता धरूनच भरा. चाकांची बॅग चिखलात चालत नाही. ५० लिटरची सॅक आणि एकूण वजन ९ ते १० किलो.

सॅकवरचं कव्हर पाठीकडून पाणी अडवत नाही. पाठीवरून ओघळलेलं पाणी थेट आत शिरतं. म्हणून खरं संरक्षण आतून हवं: १०० मायक्रॉनपेक्षा जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. कचऱ्याची काळी पिशवी पातळ, बकलवर फाटते. आणल्यावर ती फुगवून, तोंड आवळून बादलीभर पाण्यात दाबा. बुडबुडा आला तर बदला.

पिशवी सॅकमध्ये उघडी बसवा. तळाला कोरडा जोड आणि आतले कपडे, आणखी एका घट्ट पिशवीत. त्यावर औषधं, मग डबा पाठीच्या बाजूला, कारण तो सर्वात जड. हवा दाबून काढा, तोंड पिळून उलटं दुमडा आणि नाडीने बांधा. या पिशवीच्या बाहेर, वरच्या भागात ओला जोड, पॉन्चो, जळवांचे मोजे. दुसऱ्या दिवसापासून ओलं सामान कधीही या गाठीच्या आत जायचं नाही. चार रिकाम्या जाड पिशव्या परतीच्या ओल्या कपड्यांसाठी. बाहेरच्या खिशात सहा मीटर नायलॉनची दोरी, दहा चिमटे, एक लिटरची बाटली. रोख पैसे सुट्ट्या नोटांत आणि आधारची प्रत झिपच्या पाकिटात. नेटवर्क जातं तेव्हा यूपीआय चालत नाही.

सॅक भरून झाली की ती बाथरूममध्ये शॉवरखाली पाच मिनिटं ठेवा. मग उघडून कोरडा जोड हाताने तपासा. ओल लागली तर चूक घरीच सापडली.

परतल्यावर

सॅक घरात नेण्याआधी बाल्कनीत रिकामी करा, शिवणीत जळू असू शकते. बूट धुवा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि चार तासांनी बदला. लेन्स दोन दिवस उजेडात आणि कोरड्या हवेत ठेवा.

पुढचे तीन-चार आठवडे अंगावर लक्ष असू द्या. सिंधुदुर्गात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण पावसाळ्यात आढळतात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललात तर त्याची शक्यता वाढते. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जाणाऱ्यांनी गोचिडींपासून जपावं. १९५७ साली शिवमोग्ग्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप आता सिंधुदुर्गातही आहे आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं, डोळे लाल, यातलं काही झालं तर घरगुती गोळ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही कोणत्या जंगलात, किती तारखेपर्यंत होतात आणि ओढ्यात उतरला होतात का.